मोर्तब आणि परवलीचा शब्द : ओळखीच्या गुपिताचे जतन

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीच्या काठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी परंपरेत प्रसिद्ध आहे. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० मध्ये झाला. हे जन्मस्थान नरसीचे की पंढरपूरचे, या जुन्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र नामदेवांच्या अभ्यासात दुसरा एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो, आणि त्याचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. नामदेवांच्या नावावर आढळणारी रचना सर्वस्वी त्यांचीच कशावरून, हा तो प्रश्न होय. याच गावचा शेतकरी आज संगणकावरून आपल्या जमिनीचा सातबारा काढतो, तेव्हा त्या कागदावरील स्वाक्षरी अधिकाऱ्याचीच कशावरून, असा प्रश्न उभा राहतो. काळ व साधने भिन्न असली तरी दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. माणूस समोर नसताना त्याची ओळख कशाने पटवावी, आणि ओळख पटविणारे साधन दुसऱ्याच्या हाती जाणार नाही अशी तजवीज कशी करावी?

संगणकाच्या व्यवहारात हा प्रश्न एका विशिष्ट अडचणीच्या रूपाने पुढे येतो. संगणकात प्रवेश करण्यासाठी वापरणाऱ्यास आपले नाव व परवलीचा शब्द द्यावा लागतो. परंतु अनेक कामे माणूस जवळ नसताना व्हावयाची असतात. वीज जाऊन परत आली म्हणजे यंत्राने आपण होऊन सुरू व्हावे, ठरल्या वेळी दुसऱ्या यंत्रातील दप्तर उघडावे, काम आटोपून बंद करावे, अशी अपेक्षा असते. यासाठी परवलीचा शब्द यंत्रापाशीच ठेवावा लागतो, आणि जे यंत्रापाशी ठेवले ते यंत्र हाती लागणाऱ्यास सापडू शकते. ही अडचण नवी भासते खरी; पण तिचे घटक महाराष्ट्राच्या इतिहासास अपरिचित नाहीत. ते क्रमाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाममुद्रा : गुपितावाचून ओळख

अभंगाच्या अखेरीस कवीने आपले नाव गुंफण्याच्या पद्धतीस नाममुद्रा म्हणतात. कीर्तनात अभंग कानाने ऐकावयाचा व मुखाने पुढे न्यावयाचा असल्यामुळे ग्रंथाच्या मुखपृष्ठाचे काम ही मुद्रा करीत असे. तिच्यामुळे श्रोत्यास कर्त्याची ओळख पटे. मात्र ‘नामा’ या मुद्रेत गुप्त असे काहीच नव्हते. ज्याने ती ऐकली त्यास ती वापरता येई. सोळाव्या शतकात मराठीत महाभारत रचणाऱ्या विष्णुदास नाम्याची व संत नामदेवांची गल्लत झाली, आणि दोघांची रचना वेगळी करण्यासाठी अभ्यासकांस भाषेच्या व आशयाच्या कसोट्या लावाव्या लागल्या. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रकाशित केलेल्या नामदेव गाथेच्या वाचकासही हा प्रश्न टाळता येत नाही. क्रिश्चन ली नोवेट्झ्के यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या वस्तुस्थितीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. कीर्तनपरंपरेत कर्तृत्व एकट्या व्यक्तीचे न राहता सामूहिक होते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

भक्तीच्या क्षेत्रात या मोकळेपणाने हानी झाली असे म्हणता येणार नाही. उलट परंपरा विस्तारली. परंतु त्यातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. नाव ओळख सांगते, ओळख सिद्ध करीत नाही. जेथे भक्तीऐवजी जमीन, वतन किंवा किल्ला यांचा व्यवहार असतो तेथे नावापलीकडे प्रमाण लागते.

२. निशाणी, शिक्का आणि मोर्तब

मराठेशाहीतील महजर व करारपत्रे पाहिली असता प्रमाणाची पहिली पायरी दिसते. अक्षरशत्रू असलेला पाटील नांगराची निशाणी काढी. कारागीर आपापल्या धंद्याच्या हत्याराची आकृती काढीत. नांगराचे चित्र कोणासही काढता येण्याजोगे आहे. तथापि ते प्रमाण मानले जाई, कारण ते गोतसभेत, पांढरीच्या साक्षीने उमटविले जाई. निशाणीचे बळ निशाणीत नसून ती उमटताना पाहणाऱ्या माणसांत होते. साक्षीदार दूर झाले किंवा निवर्तले म्हणजे कागदाचे बळ त्या प्रमाणात घटे.

राज्याच्या कारभारास एवढ्याने भागणे शक्य नव्हते. आज्ञापत्र शंभर कोसांवर वाचले जाई, आणि वाचणाऱ्याने लिहविणाऱ्यास कधी पाहिलेले नसे. म्हणून शिक्क्याची योजना झाली. शिक्का ही हुबेहूब नक्कल करण्यास कठीण अशी वस्तू, आणि वस्तू म्हटली की ती कोणाच्या तरी ताब्यात असावयाची. येथे ओळखीचा प्रश्न ताब्याच्या प्रश्नात रूपांतरित होतो. छत्रपती प्रत्येक पत्रावर स्वहस्ते शिक्का उठवीत नसत. ते काम नेमलेल्या माणसाकडून होई, म्हणजेच धन्याच्या अनुपस्थितीत धन्याच्या नावाने कृती करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे सोपविला जाई. आजच्या भाषेत स्वयंचलित प्रवेश म्हणतात त्याचे हे पूर्वरूप होय.

हा अधिकार सोपविताना मराठी दप्तराने घेतलेली खबरदारी लक्षात घेण्यासारखी आहे. एक तर लेखन, तपासणी व शिक्का ही कामे एकाच हाती ठेवली नाहीत. अष्टप्रधानांच्या कामांच्या वर्णनात राजपत्रे तपासून अधिकउणा मजकूर शुद्ध करण्याचे व त्यांवर आपले चिन्ह करण्याचे काम सचिवाकडे दिलेले दिसते. दुसरे असे की, पत्राच्या आरंभी मुख्य मुद्रा आणि अखेरीस मर्यादादर्शक मोर्तब अशी दोन ठिकाणी नाकेबंदी केली. मोर्तब झाल्यावर त्याखाली लिहिलेला मजकूर पत्राचा भाग मानला जात नसे. कागदाचे बंद एकास एक चिकटवून लांब पत्र तयार करीत, तेव्हा जोडावर शिक्के मारीत, जेणेकरून मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये. मुख्य मुद्रेने कर्ता कोण हे सांगितले, मोर्तबाने त्याचे म्हणणे कोठे संपते हे सांगितले. सोपविलेल्या अधिकारास मर्यादा असली पाहिजे, हे तत्त्व येथे केवळ उपदेशात न राहता धातूच्या ठशात उतरले होते.

तरीही एक उणीव राहते. शिक्का ज्याच्या हाती, त्याच्या हाती शिक्क्याचे सर्व सामर्थ्य. चोरलेल्या शिक्क्याने उमटलेला ठसा खऱ्या ठशाहून वेगळा ओळखता येत नाही.

३. पहारेकरी व परवलीचा शब्द

लष्करी छावणीत किंवा गडाच्या दरवाजावर रात्री येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. शब्द ही वस्तू नव्हे; तो चोरीस जाताना दिसत नाही, आणि गेल्यावर मूळ मालकापाशीही तसाच राहतो. या पद्धतीत दोन अंगभूत दोष आहेत. पहिला असा की, शब्द उच्चारल्यावाचून वापरता येत नाही, आणि उच्चारला की आसपासच्या कानांवर पडतो. दुसरा असा की, पहारेकऱ्याने तो ताडून पाहावयाचा तर त्यास तो आधीच ठाऊक असला पाहिजे. पहिल्या दोषावर शब्द वरचेवर बदलणे हा उपाय होता. दुसऱ्यावर पहारेकऱ्याच्या इमानाखेरीज उपाय नव्हता.

म्हणूनच सभासदाने वर्णिलेल्या गडाच्या व्यवस्थेत हवालदार, सबनीस व सरनोबत अशा तिघांत अधिकार वाटलेला आढळतो. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यातील हेतू उघड आहे. ही वाटणी फोल ठरली म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुढील शतकात भाऊसाहेबांच्या तोतयाने घालून दिले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी संशय घेण्यास जागा उरली, आणि तिचा लाभ घेणारा तोतया उत्पन्न झाला. थोरल्या माधवरावांच्या काळात तो खोटा ठरून कैदेत पडला. पुढे सवाई माधवरावांचे बालपण व राज्यातील दुफळी यांचा फायदा मिळून १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून तो बाहेर पडला, तो किल्ल्यावरील अधिकाऱ्याच्याच साहाय्याने. कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले. अखेर त्याचा पाडाव होऊन त्याच वर्षी पुण्यात त्यास देहान्त शिक्षा झाली.

या प्रकरणाकडे बहुधा राजकीय बंड म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि ओळखीच्या इतिहासात त्याचे निराळे महत्त्व आहे. तोतयाने कोठलाही कडेकोट दरवाजा फोडला नाही. ज्याच्याकडे किल्ली सोपविली होती त्याने ती फिरविली, आणि पुढील दरवाजे नावाच्या बळावर उघडले. रक्षकापाशी जे सामर्थ्य ठेवले जाते, ते रक्षकाबरोबरच फितूर होते, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

४. सकळ लिपी : साठविलेल्या गुपिताचे संरक्षण

रक्षकावर विसंबावयाचे नसेल तर गुपित अशा रूपात ठेवावे की ते ज्याच्या हाती पडेल त्यास वाचता येऊ नये. या मार्गाचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण महानुभाव पंथाने घालून दिले. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या, आणि पंथाचा ग्रंथसंग्रह पुढील पिढ्यांत वाढत गेला. हे ग्रंथ परकीयांच्या हाती पडू नयेत यासाठी चौदाव्या शतकात सांकेतिक लिपी योजण्यात आली. सकळ लिपीचे जनकत्व परंपरा रवळोबासांकडे देते. सुंदरी, अंक, शून्य इत्यादी अन्य लिप्याही पंथात प्रचलित झाल्या. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचे, हे या लिप्यांचे सामान्य स्वरूप होय.

योजना यशस्वी झाली, यात संशय नाही. पोथ्या मठांत सुरक्षित राहिल्या, आणि शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकास त्या दुर्बोधच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला आणि मराठी गद्याच्या इतिहासाचे एक मोठे दालन खुले झाले. अभ्यासकांच्या दृष्टीने ही अमोल प्राप्ती होती. परंतु साठविलेल्या गुपिताच्या दृष्टीने पाहता तिच्यातून योजनेचे मर्मस्थान उघड होते. सकळ लिपीत लिहिलेल्या सर्व पोथ्यांस एकच नियम लागू होता. एका पोथीची किल्ली सापडली की तीच किल्ली दुसरीस लागे. शिवाय ही लिपी परत उलगडण्यासाठीच लिहिली होती. वाचणाऱ्या साधकास ती उलगडता आली पाहिजे, ही पोथीची गरज असल्याने उलगडण्याचा मार्ग बंद करणे शक्यच नव्हते.

हे दोन मुद्दे, म्हणजे सर्वांस एकच किल्ली असणे आणि परत उलगडण्याची सोय असणे, ध्यानी ठेवले म्हणजे संगणकाच्या इतिहासातील पुढील घडामोडी समजण्यास सोपे जाते.

५. संगणकाची नोंदवही

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाली. प्रत्येकाचे लेखन वेगळे राहावे म्हणून प्रत्येकास परवलीचा शब्द देण्यात आला. हे सर्व शब्द एका नोंदवहीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. पहारेकऱ्याचा जुना दोष अशा रीतीने नव्या यंत्रात जन्मतःच शिरला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने संगणकाचा अधिक वेळ मिळावा म्हणून ही नोंदवहीच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये आणखी चमत्कारिक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळे मजकूर दुरुस्त करीत असता त्यांची अदलाबदल झाली, आणि दैनंदिन सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येकाच्या पुढ्यात उमटले. या दुसऱ्या प्रसंगात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. नोंदवही अस्तित्वात होती, एवढेच कारण पुरेसे झाले.

यावरील उपाय इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात निघाला. रॉजर नीडहॅम व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात असा विचार मांडला की, शब्द ताडून पाहण्यासाठी शब्दच जवळ ठेवण्याची आवश्यकता नाही. शब्दावर असे गणिती रूपांतर करावे की पुढे जाणे सोपे, परंतु मागे येणे व्यवहारतः अशक्य. नोंदवहीत केवळ रूपांतरित फल ठेवावे. वापरणाऱ्याने शब्द दिला की त्यावर तेच रूपांतर करून फले जुळतात का, एवढेच पाहावे. पहारेकऱ्यास शब्द ठाऊक नसतानाही योग्य-अयोग्य ठरविता येऊ लागले. सकळ लिपीचा दुसरा मुद्दा, म्हणजे परत उलगडण्याची सोय, येथे निकालात निघाला.

पहिला मुद्दा रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी हाताळला. युनिक्स या प्रणालीच्या अनुभवावर आधारलेला त्यांचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द, म्हणजे सुमारे ८६ टक्के, इतके आखूड किंवा परिचित होते की थोड्या प्रयत्नाने अंदाजता यावेत. एकदिश रूपांतर असले तरी शब्दकोशातील सर्व शब्दांचे रूपांतर आधीच करून ठेवले की त्या यादीने सर्वांचीच कुलपे चाचपता येतात. यासाठी त्यांनी प्रत्येक शब्दात एक यादृच्छिक अंश मिसळला. त्यास ‘मीठ’ असे नाव रूढ झाले. त्या वेळच्या योजनेत मिठाचे ४,०९६ प्रकार संभवत. दोघांनी एकच शब्द निवडला तरी फले बहुधा निराळी होत, आणि एकदा केलेली यादी सर्वांस पुरेनाशी झाली. शिवाय रूपांतर पंचवीस वेळा करून ते हेतुपुरस्सर संथ केले. खऱ्या माणसास एकदाच लागणारा विलंब जाणवत नाही. लक्षावधी वेळा प्रयत्न करणाऱ्या चोरास तो जड जातो.

अशा रीतीने पहारेकऱ्याच्या दोषावर एक समाधानकारक उत्तर मिळाले. मात्र हे उत्तर दरवाजाच्या एकाच बाजूचे होते.

६. धन्याच्या अनुपस्थितीत प्रवेश

दरवाजाच्या आतील बाजूस शब्दाची जागा रूपांतरित फलाने घेतली, हे ठीक झाले. परंतु दरवाजाबाहेर उभा राहून शब्द उच्चारणारा जर माणूस नसून यंत्र असेल, तर त्या यंत्रास मूळ शब्दच जवळ बाळगणे भाग पडते. रूपांतरित फल त्याच्या उपयोगाचे नाही. ते उच्चारून दरवाजा उघडत नाही, आणि उघडत असता तर फल हाच नवा शब्द झाला असता. म्हणजे एकदिश रूपांतराने जी सोय बंद केली, तीच स्वयंचलित प्रवेशास अपरिहार्य ठरते. सकळ लिपीतील पोथीप्रमाणे येथेही गुपित परत वाचता येईल अशाच रूपात ठेवावे लागते.

विंडोज एन्टी या प्रणालीत आपोआप प्रवेश करण्याची सोय होती. परंतु त्यासाठी वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द यंत्राच्या अंतर्गत नोंदवहीत साध्या अक्षरांत लिहावा लागे. ती नोंद वाचण्याची मुभा ज्यास मिळे, त्यास शब्दही मिळे. पुढे हा शब्द प्रणालीच्या राखीव कप्प्यात सांकेतिक रूपात ठेवण्याची साधने निघाली. त्यामुळे सहज नजरेस पडण्याचा धोका टळला. तथापि यंत्रास तो शब्द माणसाच्या साहाय्यावाचून वाचावयाचा असल्याने उलगडण्याची किल्लीही त्याच यंत्रात असणे प्राप्त होते. व्यवस्थापकाचा अधिकार मिळविणाऱ्यास दोन्ही गोष्टी एकत्रच सापडतात. पेटीस कुलूप लावून किल्ली त्याच पेटीच्या तळाशी चिकटविण्यासारखाच हा प्रकार होय.

२००० साली विंडोजमध्ये एक अधिक सुविहित योजना आली. वापरणाऱ्याची गुपिते ज्या किल्लीने बंद करावयाची, त्या किल्लीचे संरक्षण त्याच्या प्रवेशाच्या परवलीच्या शब्दावर अवलंबून ठेवले. शब्द दिल्यावर बाकीची गुपिते उघडावयाची, असा हा क्रम. माणूस समोर असेल तेव्हा ही योजना उत्तम चालते. परंतु प्रवेशाचा शब्दच आपोआप द्यावयाचा असेल, तर तो शब्द त्याच शब्दाने बंद केलेल्या पेटीत ठेवता येत नाही. येथे तर्काचे वर्तुळ पूर्ण होते. कितीही पेट्या एकात एक घातल्या तरी सर्वांत बाहेरील पेटीची किल्ली कोठे ठेवावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या वर्तुळातून बाहेर पडण्याचे मार्ग तीन दिशांनी शोधले गेले. पहिला मार्ग किल्ली अशा वस्तूत कोंडण्याचा. यंत्राच्या मूळ पटलावर स्वतंत्र सुरक्षा-चीप बसवून तिच्यातील किल्ली बाहेर काढता येणार नाही अशी व्यवस्था केली जाते. यंत्र नेहमीच्याच रीतीने, बदल न होता सुरू झाले असेल तरच ती चीप आपले काम करते. यंत्रातील तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली तर गुपित उलगडत नाही. सुरू असलेले यंत्रच कोणी ताब्यात घेतले, तर मात्र हा मार्ग एकट्याने पुरेसा होत नाही.

दुसरा मार्ग गुपित न उच्चारता ते आपल्यापाशी असल्याचे सिद्ध करण्याचा. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. किल्ल्यांची जोडी असावी, एक गुप्त व एक जाहीर. गुप्त किल्लीने केलेली खूण जाहीर किल्लीने पडताळता यावी. दरवाजाने दर वेळी नवे आव्हान द्यावे आणि येणाऱ्याने त्यावर खूण करून परत द्यावी. चोरून ऐकणाऱ्यास त्या खुणेचा उपयोग नाही, कारण पुढचे आव्हान निराळे असते. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठातील तातू यूलोनेन यांनी जाळ्यावरील परवलीचे शब्द चोरून टिपले जात असल्याच्या अनुभवानंतर १९९५ मध्ये एसएसएच ही प्रणाली रचली, आणि दूरच्या यंत्रात शब्दावाचून प्रवेश करण्याची ही रीत तिच्याद्वारे सर्वत्र रुळली. २०१९ मध्ये हेच तत्त्व संकेतस्थळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. परवलीच्या शब्दाचे दोन्ही अंगभूत दोष या मार्गाने एकदमच दूर होतात. शब्द उच्चारावा लागत नाही, आणि पहारेकऱ्यास गुपित कळत नाही.

तिसरा मार्ग मोर्तबाचा, म्हणजे मर्यादेचा. यंत्रास धन्याचे संपूर्ण नाव न देता वेगळे, अल्पाधिकारी नाव द्यावे. प्रवेशाची मुदत ठरवावी. आणि गुपित वरचेवर बदलावे. मॅसॅच्युसेट्स येथेच १९८० च्या दशकात सिद्ध झालेल्या कर्बेरॉस योजनेत एकदा ओळख पटल्यावर ठराविक मुदतीचे तिकीट मिळते व पुढील दरवाजे त्यावर उघडतात. २०१२ च्या विंडोज सर्व्हरमध्ये स्वयंचलित कामांसाठी अशी खाती आली की ज्यांचा परवलीचा शब्द कोणीही माणूस निवडत नाही, आणि सामान्यतः दर तीस दिवसांनी तो यंत्रणा स्वतः बदलते. गुपित चोरीस जाणारच नाही, अशी ग्वाही हा मार्ग देत नाही. चोरीचे फळ मात्र तो लहान करून ठेवतो. छावणीतील परवल वरचेवर बदलण्यामागे हाच व्यवहारी विचार होता.

७. सातबाऱ्यावरील स्वाक्षरी

हे सर्व विवेचन दूरदेशीच्या प्रयोगशाळांपुरते नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि अंकीय स्वाक्षरीस कायद्याची मान्यता मिळाली. स्वाक्षरी करणाराने आपली गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची व ती उघड होऊ न देण्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी जबाबदारी कलम ४२ ने त्याच्यावर टाकली. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ क अन्वये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र गुन्हा ठरला.

महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीयुक्त सातबारा उपलब्ध करून देण्यास आरंभ झाला. गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा मिळून होणारा हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या सहीशिक्क्याने मिळे. तलाठी या पदास पुढे ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले. त्याची स्वाक्षरी आता अशा किल्लीने होते की जी लहानशा उपकरणात बंद असते. ते यंत्रास जोडून गुप्त अंक दिला म्हणजे किल्ली उपकरणाच्या आतच आपले काम करते. ती बाहेर येत नाही. तांत्रिक दृष्टीने शिक्क्याहून ही योजना पुष्कळच श्रेष्ठ आहे. शिक्क्याचा ठसा कोणत्याही कागदावर सारखाच उमटतो. अंकीय स्वाक्षरी त्या विशिष्ट मजकुरास बांधलेली असते, आणि मजकुरातील एक आकडा बदलला तरी पडताळणीत ती निकामी ठरते. प्रारंभीची मुद्रा, अखेरचे मोर्तब व जोडावरील शिक्के या तिन्हींचे कार्य ती एकटीच करते.

परंतु ताब्याचा जुना प्रश्न मात्र जसाच्या तसा उभा राहतो. मराठवाड्यातील गावांचे दप्तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात पटवाऱ्याच्या बस्त्यात असे, आणि बस्ता ज्याच्या घरी त्याच्या मर्जीवर कुळाची जमीन अवलंबून राही. बस्त्याची जागा यंत्राने घेतली. तरी उपकरण यंत्रास कायमचे जोडून ठेवले आणि गुप्त अंक मदतनिसास सांगून टाकला, तर किल्ली कितीही मजबूत चिपेत असली तरी ती धन्याच्या ताब्यात राहिली असे म्हणता येत नाही. कामाचा बोजा, अपुरे मनुष्यबळ व रांगेत उभे असलेले लोक या कारणांनी असा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेत मर्यादा अगोदर आखावी लागते. कोणत्या कामास माणसाची प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक आणि कोणते यंत्रावर सोपविता येईल, याचा निर्णय काम सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवा. फेरफार मंजूर करणे व मंजूर झालेल्या उताऱ्याची प्रत देणे ही दोन कामे एका मोलाची नाहीत. दुसरे यंत्राने करावे. पहिल्यास माणसाचा हात व त्याचा विवेक लागतो.

८. समारोप

नाममुद्रेपासून अंकीय स्वाक्षरीपर्यंतच्या या प्रवासात एक दिशा स्पष्ट दिसते. आरंभी ओळख उघड्या नावावर, नंतर साक्षीदारांच्या स्मरणावर, पुढे वस्तूच्या ताब्यावर, त्यानंतर सांगितलेल्या शब्दावर, आणि अखेरीस न सांगता सिद्ध करता येणाऱ्या गुपितावर उभी राहिली. प्रत्येक टप्प्यावर गुपित जाणणाऱ्यांची संख्या कमी करण्याकडे कल आहे. १९६१ च्या नोंदवहीत यंत्र व त्याचा व्यवस्थापक दोघेही सर्व शब्द जाणत होते. केंब्रिजच्या रीतीने व्यवस्थापकास त्या ज्ञानातून मुक्त केले. सार्वजनिक किल्लीने दरवाजासही मुक्त केले.

स्वयंचलित प्रवेशाची अडचण या दिशेस उलट वळण देते, कारण तेथे पुन्हा एका रक्षकापाशी, म्हणजे यंत्रापाशी, संपूर्ण गुपित ठेवण्याचा आग्रह असतो. अधिक चांगली लपण्याची जागा शोधून हा प्रश्न सुटत नाही, हे सकळ लिपीने व यंत्रातील राखीव कप्प्याने सारखेच दाखविले आहे. यंत्रास गुपित न देता गुपिताने करावयाची कृती तेवढी सोपवावी, आणि तीही धन्याच्या संपूर्ण नावाने न सोपविता ठराविक कामापुरती व ठराविक मुदतीपुरती सोपवावी, हाच त्यातून निघणारा मार्ग होय. रत्नागिरीचा किल्ला आतल्या माणसाने उघडून दिला, तेव्हा भिंतीची उंची उपयोगी पडली नाही. नरसीच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचे रक्षणही उपकरणाच्या मजबुतीइतकेच त्या उपकरणाचा अधिकार कोणास, कशापुरता व कोठवर दिला आहे, यावर अवलंबून राहणार आहे. मोर्तबाचा अर्थ मर्यादा असा होता. ती आखण्याचे काम मात्र यंत्रावर सोपविता येत नाही.